दौलत कोणाची? तंजावरचा शिलालेख आणि इंग्लंडच्या राजाचे दोन देह

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, एक अख्खा मराठी ग्रंथ कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी मजकूर सिद्ध केला आणि १८०३ मध्ये तो दगडावर उतरला. 'भोसलेवंशचरित्र' या नावाने तो ओळखला जातो. पुढे त्याच्या छापील आवृत्त्याही निघाल्या. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्याच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते आणि तीही लांबीविषयीची असते. आकाराचे कौतुक होते, वाचन होत नाही. जो वाचतो तो एक तर त्यातल्या सनावळ्या तपासतो किंवा इंग्रजांविषयीच्या स्नेहाच्या भाषेने ओशाळतो. भोसल्यांच्या वंशातल्या पुरुषाने कुंपणीच्या मैत्रीचे गोडवे गावेत, हे आपल्याला रुचत नाही.

मला हा मजकूर तिसऱ्या रीतीने वाचावासा वाटतो. माझ्या मते ही स्तुती नाही आणि बखरही नाही. ही एका वादातली कैफियत आहे. वादाचा मुद्दा जुना आहे: राज्य राजाच्या देहात असते की त्याच्याबाहेर? सतराव्या शतकात इंग्लंडचे राजे आणि पार्लमेंट ज्या अनेक गोष्टींवरून भांडले, त्यांच्या तळाशी हाच प्रश्न होता. तिथे तो सुटला असे आपण शाळेपासून वाचत आलो. तंजावरला तो सुटला नाही. तिथे त्याची उत्तरे सोयीप्रमाणे बदलत राहिली आणि ती बदलणारे लोक इंग्लंडमधल्या त्या झगड्याचेच वारस होते. शिलालेख, लंडनमधले एक भाषण आणि एक न्यायालयीन निकाल असे तीन मजकूर शेजारी ठेवले की हे दिसू लागते.

१

आधी इंग्लंडची गोष्ट, लागते तेवढीच. पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंट न बोलावता राज्य केले आणि जहाजपट्टीसारखे कर आपल्या अधिकारात वसूल केले. १६४२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा पार्लमेंटने एक चमत्कारिक वाटणारी भूमिका घेतली. आपण राजाविरुद्ध लढत नाही, राजाच्या नावानेच लढत आहोत, असे ते म्हणू लागले. राजाचा माणूस एक आणि राजपद दुसरे; माणूस बहकला तरी पदाचा अधिकार पार्लमेंटमार्फत चालू राहतो, असा तो युक्तिवाद. जानेवारी १६४९ मध्ये चार्ल्सवर राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याचा शिरच्छेद झाला. राजाच राजद्रोही कसा ठरेल? राज्य आणि राजा वेगळे मानले तरच. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने या फरकाला टिकाऊ रूप दिले. पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने कायदा स्थगित करायचा नाही, कर घ्यायचा नाही. त्याच सुमारास पार्लमेंटने गादी पदच्युत राजाच्या मुलीला आणि जावयाला दिली. गादीवर कोण बसणार हेही आता जन्मावर सोडलेले नव्हते.

या गोष्टीत एक तळटीप असते आणि ती सहसा वाचली जात नाही. १६४१ मध्ये पार्लमेंटने 'स्टार चेंबर' हे राजाचे बदनाम न्यायालय बंद केले आणि प्रजेच्या मालमत्तेचे निवाडे करण्याचा राजाच्या खासगी मंडळाचा, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलचा, अधिकारही काढून घेतला. पण तो इंग्लंडपुरता. समुद्रापलीकडच्या मुलखांतली अपिले राजाच्या मंडळाकडे जात राहिली. घरातून हद्दपार झालेला अधिकार ओसरीवर राहिला. तंजावरची एक राणी पुढे त्याच ओसरीवर दाद मागायला जाणार होती.

२

तंजावरकडे येण्याआधी मद्रासला थांबावे लागते, कारण राजा आणि पार्लमेंट यांच्यातला वाद तिथे लहान आकारात पुन्हा खेळला गेला आणि त्याला निमित्त तंजावरचे भात होते.

सप्टेंबर १७७३ मध्ये कुंपणीच्या फौजेने तंजावर घेतले, तुळजाराजांना कैद केले आणि राज्य अर्काटचा नवाब महंमद अली वालाजाह याच्या स्वाधीन केले. नवाब कर्जात बुडालेला होता आणि त्याचे सावकार म्हणजे मद्रासमधले कुंपणीचे नोकरच. लंडनच्या संचालकांना हे मानवले नाही. त्यांनी राज्य परत देण्याचा हुकूम केला आणि त्यासाठी लॉर्ड पिगॉट याला पुन्हा गव्हर्नर करून पाठवले. एप्रिल १७७६ मध्ये पिगॉटने स्वतः तंजावरला जाऊन तुळजाराजांना गादीवर बसवले. लगेच पॉल बेनफील्ड नावाचा कुंपणीचा एक नोकर पुढे झाला. तंजावरचा वसूल आणि उभे पीक नवाबाने आपल्याकडे तारण लावले आहे, असे त्याचे म्हणणे. रक्कम २,३४,००० पौंड. कुंपणीच्या साध्या नोकराने एवढी रक्कम कशी जमवली, हा प्रश्न मद्रास कौन्सिलच्या बहुमताला पडला नाही. त्या बहुमतात बेनफील्डचे स्नेही होते.

पिगॉटने विषय मताला टाकायचेच नाकारले. अध्यक्ष हा सरकारचा अविभाज्य भाग आहे, त्याच्याशिवाय कौन्सिल म्हणजे सरकार नव्हे, ही त्याची भूमिका. सरकार म्हणजे बहुमत, अध्यक्ष त्याला बांधलेला आहे, ही विरोधकांची. पिगॉटने दोन सभासदांना निलंबित केले. तेव्हा २४ ऑगस्ट १७७६ रोजी बहुमतवाल्यांनी, गव्हर्नर आणि कौन्सिल यांच्याच अधिकाराने, गव्हर्नरला अटक केली. १६४२ ची युक्ती जशीच्या तशी: पदाच्या नावाने माणसाला धरणे. पुढच्या मे महिन्यात पिगॉट कैदेतच मेला.

त्याच्या भावाने हे प्रकरण कॉमन्स सभेत नेले. जॉर्ज स्ट्रॅटन आणि त्याचे तिघे साथीदार लॉर्ड मॅन्सफील्डपुढे उभे राहिले. त्यांचा बचाव होता गरजेचा: राज्ययंत्र अडले होते, म्हणून कायदा ओलांडावा लागला. मॅन्सफील्डने ज्यूरीला सांगितले त्याचा आशय असा, की इंग्लंडमध्ये अशी गरज जवळजवळ कल्पनेपलीकडची आहे. हिंदुस्थानात, वरिष्ठ सत्ता इतक्या दूर असताना, ती कल्पिता येईल. पण ती निकडीची आणि दुसरा उपाय नसलेली असली पाहिजे. ज्यूरीने आरोपींना दोषी ठरवले. १७८० मध्ये प्रत्येकी १००० पौंड दंड झाला. बेनफील्डच्या रकमेपुढे हा दंड चिल्लर होता.

त्या ज्यूरीला सांगितलेला मजकूर मात्र मेला नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल गुलाम महंमद यांनी संविधान सभा बरखास्त केली. पाकिस्तानात तेव्हा अजून ब्रिटनच्या राणीच्या नावाने कारभार चाले. म्हणजे राणीच्या प्रतिनिधीने लोकप्रतिनिधींची सभा मोडली होती. १९५५ मध्ये त्यातून उभ्या राहिलेल्या पेचावर मत देताना तिथल्या संघीय न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद मुनीर यांनी आधार घेतला तो स्ट्रॅटन खटल्यातल्या मॅन्सफील्डच्या भाषणाचा. ज्या खटल्यात गरजेचा बचाव फेटाळला गेला, तोच गरजेच्या सिद्धान्ताचा दाखला झाला. कावेरीकाठच्या पिकावरून झालेल्या भांडणाची नोंद अशी सभेविरुद्धच्या सत्तेच्या कामी आली. मॅन्सफील्डच्या बोलण्यात 'इंग्लंडमध्ये' आणि 'हिंदुस्थानात' अशा दोन मापांची सोय होती. वापर त्या सोयीचा झाला.

३

दुसरा मजकूर एडमंड बर्क याचा. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी त्याने कॉमन्स सभेत अर्काटच्या नवाबाच्या कर्जांवर भाषण केले. वक्तृत्वाचा नमुना म्हणून ते आजही वाचले जाते. मला ते वाचनीय वाटते ते एका सरळ आरोपामुळे: तंजावर आणि कर्नाटक यांच्या लुटीतून पार्लमेंटच्या जागा विकत घेतल्या जात आहेत. बेनफील्ड १७८० मध्ये क्रिकलेडमधून निवडून आला होता आणि आधीच्या सभेत त्याने आपल्यासकट आठ सभासद बसवले, असे बर्कचे म्हणणे. ज्या सभेने दीडशे वर्षे झगडून राजाकडून कराचा अधिकार घेतला, तीच सभा आता तंजावरच्या शेतसाऱ्यावर पोसली जात होती.

या आरोपाला ताजी पार्श्वभूमी होती. कुंपणीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपवणारे फॉक्सचे विधेयक १७८३ मध्ये कॉमन्समध्ये मंजूर झाले. तिसऱ्या जॉर्जने लॉर्ड टेम्पलमार्फत उमरावांना कळवले, की जो या विधेयकाला मत देईल त्याला मी शत्रू समजेन. उमरावांच्या सभेने विधेयक पाडले, राजाने मंत्रिमंडळ काढून टाकले आणि तरुण पिटला पंतप्रधान केले. इंग्लंडच्या राजाने पार्लमेंटशी इतक्या उघडपणे घेतलेल्या अखेरच्या झुंजींपैकी ही एक, आणि तिचा विषय हिंदुस्थान होता. १७८५ मध्ये बर्क विचारत होता तो प्रश्न असा: नव्या सरकारने नवाबाची कर्जे चौकशीशिवाय मान्य कशी केली? ही निवडणुकीतल्या मदतीची परतफेड तर नव्हे? त्याच्या पक्षाचा प्रस्ताव अर्थातच नामंजूर झाला.

भाषण थोर आहे, पण त्याला एक मर्यादा आहे आणि भाषांतर करू लागले की ती नजरेत भरते. दक्षिणेतले तलाव बांधणाऱ्या जुन्या राजांना बर्क मन भरून मान देतो. तेच खरे राजे, प्रजेचे पालक, असे म्हणतो. त्या राजांना नावे मात्र नाहीत. तंजावरचा राजा त्याच्याकडे दोनच रूपांत येतो: लुटला गेलेला, नाही तर परत बसवला गेलेला. वाक्यांची रचना पाहिली तर तो कर्ता नसतोच, कर्म असतो. बर्कचा जिवलग आप्त विल्यम बर्क हा तुळजाराजांचा लंडनमधला वकील होता, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे आरोप खोटे ठरत नाहीत. पण राजाचे म्हणणे लंडनला पोहोचले ते वकिलाच्या तोंडून, त्याच्या भाषेत आणि त्याच्या पक्षाच्या गरजेप्रमाणे, एवढे त्यातून कळते.

त्यानंतर अठरा वर्षांनी कोरलेला शिलालेख वाचताना हे हाताशी ठेवायचे. तिथे राजा प्रथमच कर्ता आहे.

४

सरफोजींच्या गादीची कथा ठाऊक असल्याशिवाय शिलालेखाची लांबी समजत नाही. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेतला हा मुलगा दत्तक घेतला. तुळजाराजांमागे त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हक्क सांगितला. कुंपणीने पंडितांचे मत मागवले. दत्तविधान अशास्त्रीय, असा निर्णय मिळाला आणि अमरसिंह गादीवर आले. काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांची मते मागवली गेली. दत्तविधान शास्त्रशुद्ध ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याने मुलाची बाजू लावून धरली होती, याचाही त्यात वाटा होता. इंग्लंडमध्ये गादीचा वारस पार्लमेंट ठरवू लागले होते. तंजावरला तो कुंपणी ठरवू लागली, फक्त शिक्का पंडितांचा. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, सगळा मुलूख कुंपणीकडे गेला. राजांकडे किल्ला उरला, दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे १८०३ मध्ये सरफोजींकडे राज्य नव्हते, पण राजपद होते. आणि त्या पदावरचा हक्क एकदा नाकारून पुन्हा मान्य झालेला होता. अशा माणसाने वंशावळ कोरून घेतली तर तिला पोकळ अभिमान कसे म्हणायचे? मराठीत अशा लेखनाचा एक प्रकार रुळलेला होता. वतनाचा तंटा पडला की वतनदार आपल्या घराण्याची हकीकत मुळापासून लिहून दिवाणात दाखल करी: कोणता पुरुष कोणाचा मुलगा, कोणी काय मिळवले, कोणाच्या वेळी काय गेले. त्याला करीना म्हणत, कैफियत म्हणत. बखर ही पराक्रमाची आठवण असते, करीना हा हक्काचा पुरावा असतो. भोसलेवंशचरित्राला आपण बखरीच्या रांगेत बसवतो आणि मग ते तिथे फिके पडते. त्याला करीना म्हणून वाचले तर त्यातला प्रत्येक 'त्याचा पुत्र' कामाचा ठरतो. इंग्रजांच्या स्नेहाचा मजकूरही मग ज्यांच्यापुढे दावा मांडायचा त्यांना उद्देशून घातलेला वाटतो.

याच सुमारास साताऱ्यात मल्हार रामराव चिटणीसही छत्रपतींच्या घराण्याचा इतिहास रचण्यात गुंतले होते. ही जुळणी मला बोलकी वाटते. साताऱ्यात १७५० च्या सांगोल्याच्या करारापासून छत्रपतींचा अधिकार पेशव्यांकडे गेला होता. राजा किल्ल्यावर, कारभार पुण्यात. तंजावरला राजा किल्ल्यात, कारभार मद्रासला. दोन्ही ठिकाणी राजपद आणि राज्य वेगळे झाले होते आणि दोन्ही ठिकाणी चिटणीस लेखणी घेऊन बसले होते. राज्य हातात असते तेव्हा राजा सनदा लिहितो. राज्य गेले की चरित्र लिहवून घेतो.

तंजावरचे चरित्र कोरले कुठे, हेही मजकुराचाच भाग आहे. बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर राजराज चोळाचे तमिळ शिलालेख आहेत. १०१० च्या आसपास पूर्ण झालेल्या या मंदिराला कोणी काय दिले, कोणत्या दागिन्याचे वजन किती, कोणत्या गावाने किती भात घालायचे, देवाच्या सेवेतल्या नर्तिका कोणत्या गावाहून आल्या, याची काटेकोर नोंद तिथे आहे. त्या भिंती म्हणजे आठशे वर्षे जुने दफ्तर. सरफोजींनी आपली कैफियत तिथे दाखल केली. वाड्यातला कागद जप्त होऊ शकतो, कुंपणीच्या दिवाणातला कागद हरवू शकतो. देवळाची भिंत उचलून नेता येत नाही. मराठीच्या अभ्यासकाला शेजारचे तमिळ लेख वाचता येत नाहीत आणि तमिळ अभ्यासकाला हा मराठी लेख उपरा वाटतो. त्यामुळे दोन्ही लेख एकाच रीतीचे काम करतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सरफोजी ती रीत पुरते जाणून होते, याची साक्ष समुद्रकिनारी आहे. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून त्यांनी १८१४-१५ मध्ये शाळुवनायकनपट्टिनम् इथे एक बुरूज बांधला आणि त्यावर इंग्रजी, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी अशा भाषांत लेख लावले. फौज नसलेल्या राजाने परक्या राजाच्या विजयाचा स्तंभ उभारावा, हे करुण खरेच. त्या इमारतीला तमिळ लोक आजही 'मनोरा' म्हणतात. शब्द मराठी, तोंड तमिळ.

५

तिसरा मजकूर निकालाचा. सरफोजींचे पुत्र शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. मुलगा नव्हता, मुली होत्या. १६८९ मध्ये ज्या देशाने राजाच्या मुलीला गादीवर बसवले, त्याच देशाच्या कुंपणीने इथे मुलीचा हक्क मानला नाही. राज्य खालसा झाले. १८५६ मध्ये रेसिडेंट फोर्ब्ज याने वाड्याचा ताबा घेतला. जडजवाहीर, जमिनी, कागद, सगळे मोहोरबंद. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. मागणी राज्याची नव्हती. पतीच्या खासगी मालमत्तेची होती. मद्रासच्या कोर्टाने निवाडा त्यांच्या बाजूने दिला. कुंपणी अपिलात गेली. अपील चालू असताना कुंपणीच उरली नाही, १८५८ मध्ये कारभार राणी व्हिक्टोरियाच्या सरकारकडे गेला आणि प्रतिवादीच्या जागी भारतमंत्री आले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने निकाल फिरवला.

हा निकाल आपल्या बहुभाषक वाचकांनी साहित्यकृतीसारखा वाचावा, असे मला वाटते. त्यातले प्रांजळपण आधी थक्क करते. या राज्यावर कुंपणीचा किंवा ब्रिटिश गादीचा कायदेशीर हक्क कशावर उभा होता ते कागदांतून शोधणे फार अवघड आहे, हे त्यात मान्य केले आहे. मग निकाल म्हणतो, की हे कृत्य न्याय्य असेल वा अन्याय्य, शहाणपणाचे असेल वा नसेल, ते एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या बाबतीत केलेले राज्यकृत्य आहे. कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. राजाचा मुलूख चिमुकला आणि शेजारी बलाढ्य असला, तरी तो कोणाचा मांडलिक नव्हता, असेही निकाल सांगतो. जिवंतपणी ज्याला वसुलाच्या पाचव्या हिश्श्यावर बसवले, तो मेल्यावर सार्वभौम ठरला, आणि तो सार्वभौम ठरला म्हणूनच त्याच्या विधवेला दाद मिळाली नाही.

इंग्लंडमध्ये याच राज्यकारणाच्या सबबीला १७६५ मध्ये दार बंद झाले होते. लेखक जॉन एंटिक याच्या घरात राजाचे शिपाई शिरले आणि कागद उचलून घेऊन गेले, तेव्हा राज्याची गरज हा कायदा नव्हे, असे लॉर्ड कॅम्डेनने ठणकावले होते. एंटिकचे कागद आणि कामाक्षीबाईंचे दागिने यांत फरक कोणता? समुद्राचा. १६४१ मध्ये घरातून घालवलेला राजाचा अधिकार समुद्रापलीकडे तसाच उभा होता आणि आता तो चालवणारे सरकार पार्लमेंटला जबाबदार होते.

आता शब्दाकडे. सगळा खटला एका भेदावर उभा होता: राज्याची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती? समितीचे म्हणणे, जप्ती सगळ्याचीच होती, म्हणून असा भेद कोर्टाने करायचा नाही. मराठीत या दोहोंना मिळून एक शब्द होता: दौलत. मूळ अरबी अर्थ फेरा, पाळी. मग घराण्याची पाळी, म्हणून राज्य. आणि मग संपत्ती. मराठी दौलतीची चाकरी करणारा शिलेदार आणि दौलत जमवणारा सावकार एकच शब्द वापरीत. इंग्रजीतही 'स्टेट' आणि 'एस्टेट' एकाच मुळातून निघाले. सतराव्या शतकाच्या झगड्याने त्यांची फारकत केली, आणि राज्य ही राजाची जिंदगी नव्हे हे त्या झगड्याचे सार. राणी कोर्टात गेल्या तेव्हा त्या हीच फारकत मागत होत्या: राज्य गेले ते गेले, जिंदगी द्या. मराठी राणी पार्लमेंटच्या बाजूने बोलत होती आणि लंडनची न्यायसमिती चार्ल्स राजासारखी, राजा आणि राज्य एकजीव मानून. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्यातल्या विधवांना परत दिली; हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून.

हा निकालही पुढे जगला. संस्थानांच्या विलीनीकरणातून उठलेल्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही, उदाहरणार्थ १९५८ च्या दालमिया दादरी सिमेंट प्रकरणात, त्याचा आधार घेतला. कायद्याच्या पुस्तकांत राणींचे नाव 'कामाची बोये साहबा' असे आहे. कारकुनाच्या कानाने 'बाई'चे 'बोये' केले आणि तेच कायम झाले.

६

भाषांतरकाराला या तीन मजकुरांतून निवड करावी लागते. 'राज्य' या शब्दासाठी इंग्रजीत किंगडम लिहायचे, स्टेट लिहायचे की एस्टेट? बर्कला किंगडम हवे होते, कारण अन्याय मोठा दिसतो. १८५९ च्या समितीला स्टेट हवे होते, कारण कोर्टाचे दार बंद होते. राणींना एस्टेट हवे होते. बाबूराव चिटणिसांनी यांतले काहीच निवडले नाही. राज्य गेलेले असताना त्यांनी त्याला वंश म्हटले, आणि वंश ही गोष्ट तहाने लिहून घेता येत नाही.

म्हणून या शिलालेखावरचा लाचारीचा शेरा मला घाईचा वाटतो. लाचारी त्यात नाही असे नाही. पण ती कैफियतीतली आहे, जिच्या शेवटी अर्जदार आपले नाव आणि हक्क लिहितो. मराठी समीक्षेने तंजावरकडे पाहिले ते बहुतेक नाटकांसाठी. विष्णुदास भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी शहाजीराजांनी लिहिलेल्या नाटकांचा मान आपण हौसेने सांगतो. गद्याकडे वळायचे राहिले. ते वाचायचे तर पुण्याच्या बखरींचे माप पुरणार नाही. राजराजाचा तमिळ जमाखर्च एका बाजूला आणि लंडनचा निकाल दुसऱ्या बाजूला घेऊनच ते वाचावे लागेल.

तंजावरला आज राजा नाही, कुंपणी नाही, राणीचे राज्यही नाही. पण बृहदीश्वरासह राजवाडा देवस्थानातल्या मंदिरांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद अजून भोसले घराण्यातल्या ज्येष्ठ व्यक्तीकडे आहे. विश्वस्त म्हणजे ज्याच्या ताब्यात वस्तू असते पण जिचा तो मालक नसतो. चार्ल्स राजाला हे पटवून देण्यासाठी इंग्लंडला युद्ध करावे लागले. तंजावरच्या भिंतीवरचा दावा मात्र शेवटी एवढ्यापुरता मान्य झाला.